आमसुलाचं पाणी

आपल्या भाषेनेच माझं निदान लांबवलं, असं मी गमतीने म्हणते. अंगावर गांधी उठल्या, पित्त. छातीत जळजळ, पित्त. डोकं दुखून उलटी झाली, तरी पित्तच. एकच शब्द इतकी कामं करत असेल तर डॉक्टरकडे जायचं कशाला? आई आमसुलं भिजत घालायची आणि ते पाणी अंगाला खसाखसा चोळायची. मी आणखी लाल व्हायचे. आई म्हणायची, "बघ, पित्त बाहेर पडतंय."

बाहेर पडत होतं ते हिस्टामिन, गांधी उठवणारं रसायन. ते सोडणाऱ्या मास्ट पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी, त्वचेत, आतड्यात, श्वासमार्गात, म्हणजे शरीराच्या वेशीवर राहतात. पॉल एर्लिख यांनी १८७८ साली त्यांना हे नाव दिलं. जर्मन भाषेत 'मास्ट' म्हणजे खाऊपिऊ घालून पुष्ट करणं. पेशीत ठासून भरलेले कण पाहून त्यांना ती चांगली पोसलेली वाटली. त्या कणांत असतो हिस्टामिन, ट्रिप्टेज वगैरे दारूगोळा.

माझा आजार सिस्टिमिक मास्टोसायटोसिस. या पेशी नको तितक्या वाढल्यात, आणि जराशा निमित्ताने भडकतात. मांडीवरचे तपकिरी डाग घासले की फुगतात, हे एका त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिलं. मग रक्तातलं ट्रिप्टेज, मग अस्थिमज्जेची तपासणी. तपासायला डॉक्टरांनी डाग घासले, आणि आई इतकी वर्षं माया म्हणून तेच करत होती! हे कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "आमच्या घराण्यात कुणाला नाही" हे वाक्य मात्र दोन्ही घरांतून ऐकलं. बहुतेक प्रौढ रुग्णांत किट नावाच्या जनुकात बदल सापडतो, पण तो सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो.

घरच्यांना खुपतो तो लहरीपणा. सासूबाईंचा प्रश्न रास्त होता : "मंगळवारी वांगं चाललं, आज का नाही?" मी पेशी, रसायनं सांगून थकले. शेवटी एकदा घरात गिझर आणि इस्त्री चालू असताना त्यांनी मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. मी म्हटलं, "आता दोष मिक्सरचा का?" माझं तसंच होतं. मे महिन्यातला उकाडा, अपुरी झोप, लग्नघरातल्या अत्तर-उदबत्त्या, त्यावर वांगं. प्रत्येकाची कारणं निराळी. कुणाला गांधीलमाशी, कुणाला एखादी वेदनाशामक गोळी. माझी यादी बघून स्वतःचं ताट रिकामं करू नका. आता सासूबाई स्वयंपाकाआधी विचारतात, "आज गिझर चालू आहे का गं?" नणंदेला वाटतं, आंघोळीचं चाललंय.

एका बाबतीत मात्र समजुतीची वाट पाहू नका. श्वास घुसमटला, चक्कर आली, रक्तदाब पडला, तर आधी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ॲलर्जीची गोळी त्याला पर्याय नाही. आडवं झोपवायचं, पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. आणि ताबडतोब रुग्णालय. यजमान डॉक्टरांकडून इंजेक्शन शिकून आले आणि आठवडाभर मोसंब्यांना टोचत बसले. ती मोसंबी कुणी खाईना.

आई आता माझ्याबरोबर एसटीने येते तेव्हा औषधांचा डबा वरच्या फळीवर ठेवू देत नाही. मांडीवर घेऊन बसते. परवा त्यात आमसुलांची पुडी सापडली. विचारलं, तर म्हणाली, "चोळायला नाही. सोलकढीला."