डर्क: जुना, नवा की नुसता शोभेचा?

(पडद्यावर: मुठीचं टोक, अगदी जवळून)

स्कॉटलंडच्या हायलँड भागातला हा लांब खंजीर म्हणजे डर्क. गिऱ्हाईक आधी पातं उपसून बघतं. पारखी माणूस मूठ उलटी धरतो.

पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन टोकाच्या चकतीवर निघते. जुन्या कामात ती तिथे हातोडीने ठोकून पसरवलेली असते आणि भिंगातून ते वेडेवाकडे ठोके दिसतात. तिथे आट्यांचा चकचकीत नट असेल, तर 18व्या शतकाचा दावा डळमळलाच. निदान दुरुस्ती तरी झाली आहे.

आता गुंफलेल्या गाठींची नक्षी. हाताने कोरलेल्या लाकडात पट्टीची रुंदी कुठे ना कुठे चुकते. तळहात लागतो तिथले उंचवटे झिजतात, खोबणीत मळ बसतो. साच्यात ओतलेली मूठ सगळीकडे सारखीच काळी असते, आणि कडेला जोडाची बारीक रेघ सापडते. ती घासून काढायला विक्रेते बहुतेक वेळा विसरतात!

(पडद्यावर: पातं)

पातं एकधारी, निमुळतं, साधारण 30 सेंटिमीटर. बरेच डर्क जुन्या तलवारी कापून केलेले, म्हणून पात्यावरची लांब खोबण मध्येच संपलेली दिसली तर बिचकू नका. ती जमेचीच बाजू. नवं पातं ओळखायला चुंबकावर मात्र विसंबू नका: सुऱ्यांचं स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटतं.

ब्रिटिश राजाविरुद्धच्या 1745च्या उठावानंतर हायलँडमध्ये शस्त्रबंदी कडक झाली. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला आणि हायलँड पोशाखाची हौस उसळली. मग आले चांदीचे, मुठीवर केर्नगॉर्म (धुरकट तपकिरी स्फटिकाचा) खडा बसवलेले डर्क. लढाईसाठी ते कधीच नव्हते, पण दीडशे वर्षांचा असा डर्क अस्सल जुना ऐवजच आहे. फसवणूक होते ती त्याला रणांगणावरचा म्हणून विकण्यात.

चांदीवर एडिनबरोचा किल्ला आणि काटेरी फूल असे छाप असतील, तर सोबतच्या अक्षरावरून साल काढता येतं. ते साल चांदीचं. पातं त्याहून जुनं असू शकतं, किंवा कालपरवा बसवलेलंही.

(पडद्यावर: म्यान)

उपसताना म्यान कडांवरून मुठीत आवळू नका. जुनी शिवण उसवलेली असते, आणि धार थेट बोटांत शिरते. पॉलिशही नको, त्याने काळसर मुरलेला रंग जातो आणि किंमतही.