आल्फ्रेड कॉर्तो: चुकलेल्या सुरांच्या तबकड्या

हे आल्फ्रेड कॉर्तो, फ्रान्सचे नामांकित पियानोवादक. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, गाव पॅरिस, आणि समोर शिकणारी मुलं. संगीतकार शूमनच्या बालपणावरच्या तुकड्यांमधला शेवटचा चाललाय, कवी बोलतो तो, आणि हे वाजवता वाजवता बोलतायत, की बाबांनो हे वाजवायचं कमी, स्वप्नासारखं बघायचं जास्त. बोटं बघा, कुठेही घाई नाही.

आता ही तबकडी. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी, एका बाजूला जेमतेम चार मिनिटं. वाजवताना सुई थेट मेणात कोरत जायची, त्यामुळे मध्येच एक सूर घसरला तर तेवढाच नीट करायची सोय नाही, अख्खी बाजू पहिल्यापासून. (आपल्याकडं नाट्यगीतांच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा ना, कॉर्तोंच्या कितीतरी तबकड्या त्याच हिज मास्टर्स व्हॉइसच्या.) त्यांनी सुरुवात केली तेव्हा तर माइकपण नव्हता, मोठ्ठा भोंगा, पियानो त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा, आणि तरी खालचे सूर पार पातळ यायचे. मग मार्च १९२५, न्यू जर्सीतलं कॅमडेन, व्हिक्टर कंपनी. कॉर्तो माइकसमोर बसले, संगीतकार शोपँचा एक इम्प्रॉम्प्ट्यू, म्हणजे उत्स्फूर्त वाटणारी छोटी रचना, आणि शूबर्टच्या एका गाण्याचं पियानोरूप वाजवलं. विजेवर रेकॉर्ड केलेल्या व्हिक्टरच्या अगदी पहिल्या क्लासिकल तबकड्यांमधली ही एक.

आणि हो, चुका आहेत. भरपूर आहेत. वेगाच्या जागी शेजारची पट्टी दाबली जाते, स्पष्ट ऐकू येतं. पण हा माणूस १९०२ मध्ये पॅरिसला वाग्नरचा अख्खा ऑपेरा कंडक्ट करतोय, १९०५ पासून व्हायोलिनवाला तिबो आणि चेलोवाला कासाल्स यांच्याबरोबर त्रिकूट चालवतोय, १९१९ मध्ये स्वतःची संगीतशाळा काढतोय, रियाझाला बसणार कधी?

गंमत बघा, रियाझ कसा करायचा हे जगाला शिकवलं यांनीच. ही पानं शोपँच्या एत्यूदांची, म्हणजे सरावासाठी लिहिलेल्या रचनांची, कॉर्तोंच्या संपादनातली. मूळ संगीत आणि सोबत त्यांचे व्यायाम. अवघड जागा शंभरदा घोटू नका म्हणतात, तिच्यात अवघड नेमकं काय आहे ते हुडका, चौथं बोट अडतंय का, अंगठा खालून जाताना मनगट आवळतंय का, आणि तेवढ्याचाच व्यायाम करा.  आजही पियानो शिकणारी पोरं हीच पुस्तकं उघडतात.

हा त्यांच्या शाळेचा हॉल, साल कॉर्तो, १९२९, वास्तुविशारद ऑग्युस्त पेरे. बाहेरून काँक्रीट, आत सगळं लाकूड. दिनू लिपाती, क्लारा हास्किल, सांसों फ्रांस्वा, हे पुढचे मोठे पियानोवादक सगळे कॉर्तोंकडे शिकलेले.

दुसऱ्या महायुद्धात ते पेतँच्या विशी सरकारात, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारात, कलांचं खातं बघत होते, १९४२ ला जर्मनीत जाऊन वाजवलं, युद्धानंतर वर्षभर वाजवायला बंदी आली, १९४७ ला पॅरिसच्या ऑर्केस्ट्रानं साथ द्यायला नकार दिला, आणि ते स्वित्झर्लंडला, लोझानला राहायला गेले.

१९५८ ला फ्रान्समधल्या प्राद गावी कासाल्सबरोबर पुन्हा एकदा वाजवलं, १९६२ ला गेले. शाळेतल्या शेवटच्या वर्षांच्या टेप्स राहिल्या होत्या, त्या पियानोवादक मरे पेरायांनी ऐकून, निवडून २००५ ला तीन सीडींमध्ये आणल्या.

आजची रेकॉर्डिंगं तुकडे जोडून इतकी स्वच्छ करतात की माणूस कुठं धापा टाकतोय तेच कळत नाही. म्हणून आता आम्ही गप्प बसतो आणि शोपँचा सोळावा प्रील्यूड, म्हणजे पियानोची छोटीशी रचना, लावतो, कॉर्तोंनी १९३३-३४ ला रेकॉर्ड केलेला. कॉर्तोंनी चोवीसही प्रील्यूड्सना आपली नावं दिली होती, याचं नाव दरीकडे धाव. मिनिटभराचा आहे, खरखर येईल, आवाज वाढवा.