गायींच्या राजाला मारू नका

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘संगणकीय खेळ आणि तरुण पिढी’ असा छापलाय. आमंत्रण घेऊन आलेल्या काकांना मी तेव्हाच म्हटलं होतं, की तरुण पिढी म्हणून मला बोलवत असाल तर वीस वर्षं उशीर केलात. मुलांनी किती वेळ खेळावं, डोळ्यांना चष्मा लागतो का, हे मी सांगणार नाही, त्यासाठी डॉक्टर बोलवा. मी बोलणार आहे एका खेळाबद्दल, डायब्लोबद्दल. आणि त्याहीपेक्षा, तो खेळणाऱ्या माणसांनी त्याचं काय केलं त्याबद्दल.

पुढच्या रांगेतल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर तिरक्या कोनातून, जणू गच्चीवरून खाली बघावं तसं एक गाव दिसतं. तुमचा एक योद्धा किंवा जादूगारीण. माऊसनं क्लिक केलं की ती चालते, राक्षसावर क्लिक केलं की त्याला मारते. राक्षस मेला की त्याच्या अंगातून काहीतरी पडतं : तलवार, बूट, औषधाची बाटली, सोनं. ते उचलायचं, अंगावर चढवायचं आणि आणखी मोठा राक्षस मारायचा. बस्स. ऐकायला हे चणे-फुटाणे खाण्यासारखं वाटतं आणि तसंच ते आहे. एक तोंडात टाकला की हात पुन्हा पुडीत जातो.

पहिला डायब्लो १९९६ आणि ९७च्या सांध्यावर आला. कॅलिफोर्नियात काही पोरांची कंपनी होती, तिचं नाव पुढे ब्लिझर्ड नॉर्थ झालं. त्यातला डेव्हिड ब्रेव्हिक राहायचा त्या भागात माउंट डायब्लो नावाचा डोंगर आहे, त्यावरून खेळाचं नाव. मुळात हा खेळ बुद्धिबळासारखा आळीपाळीनं खेळायचा होता. तू एक चाल कर, मग राक्षस करेल. वरच्या मंडळींनी धोशा लावला, की हे सगळं एकाच वेळी चालू द्या. ब्रेव्हिकचा विरोध होता. शेवटी मतदान झालं, तो हरला आणि काही तासांतच त्यानं तो बदल करून टाकला. त्यानंच पुढे सांगितलंय, की पहिल्यांदा सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला, सांगाडा फुटला आणि आपण चूक होतो हे त्याला तिथल्या तिथे कळलं. या खेळावरची खेळाडूची पहिली प्रतिक्रिया तुम्ही हीच म्हणू शकता. ती बनवणाऱ्याचीच होती आणि ती त्याच्या स्वतःच्या मताविरुद्ध गेली. आपण काय बोलतो आणि हात काय करतो, यात अंतर असतं. आज मला जे सांगायचंय ते सगळं या अंतराबद्दल आहे.

आता गाय.

पहिल्या डायब्लोतल्या गावाचं नाव ट्रिस्ट्रम. तिथे काही गायी उभ्या असतात, अगदी शोभेच्या. त्यांच्यावर क्लिक केलं की हंबरतात. पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिलं तर तुमचा योद्धा कंटाळून म्हणतो, हो, गायच आहे ही. बाकी काही नाही. पण जिथे काही नाही तिथे काहीतरी असणारच, हे खेळाडूला कोण समजावणार? कर्णोपकर्णी बातमी पसरली, की गाईवर अमुक वेळा क्लिक केलं तर एक गुप्त दार उघडतं आणि पलीकडे गायींचा मुलूख आहे. लोक रात्र रात्र क्लिक करत बसले. दार उघडेना. दार नव्हतंच.

इथे कंपनी काय करू शकली असती? एक खुलासा काढायचा, ‘असे कोणतेही दार नाही, अफवांवर विश्वास ठेवू नये.’ आपल्याकडे वीज मंडळ काढतं तसा. ब्लिझर्डनं खुलासा काढलाही, पण कुठे? १९९८ साली त्यांचा स्टारक्राफ्ट नावाचा दुसराच खेळ आला. त्यात एक चोरवाक्य होतं. टंकलं की चालू मोहीम जागच्या जागी जिंकल्यात जमा. ते वाक्य होतं : गायींचा स्तर अस्तित्वात नाही.

झालं. ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली, की आहे.

मग जून २०००मध्ये डायब्लो दोन आला आणि त्यात तो होता. जळून खाक झालेल्या ट्रिस्ट्रममध्ये जायचं. तिथे वर्ट नावाच्या पोराचं प्रेत. हा वर्ट पहिल्या खेळात जिवंत होता. लाकडी पाय, आणि जात अस्सल व्यापाऱ्याची, माल नुसता दाखवायचेच ५० मोहरा घ्यायचा. घ्या किंवा नका घेऊ, ५० गेले. त्या प्रेतापाशी त्याचा तो लाकडी पाय मिळतो. खेळ एकदा शेवटापर्यंत जिंकला, की तो पाय आणि गावी परतण्याच्या मंत्राची पोथी एका जादूच्या पेटीत घालायची. लाल दार उघडतं. पलीकडे हिरव्या कुरणावर दोन पायांवर चालणाऱ्या शेकडो गायी, हातात लांब दांड्याचे परशू आणि तोंडानं चक्क माणसासारखं ‘मूऽऽ’ म्हणत तुमच्या अंगावर येतात.

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत. आम्ही चौघं, चार संगणक, मध्ये एक आठ भोकांचा हब आणि पलंगाखालून गेलेल्या वायरी. सीडी अर्थातच पदपथावरची. तिच्यावरून कंपनीच्या सर्व्हरवर जाता येत नसे, म्हणून आमचं सगळं जग त्या हबपुरतं. दार उघडलं आणि चौघंही काही क्षण क्लिक करायचं विसरलो. मग एकजण नागपुरी हेल काढून म्हणाला, ‘अबे, हे खरंच आहे बे.’ त्यानंतर किती वेळ हसत होतो ते आठवत नाही. आम्हाला त्यामागचा क्लिकांचा सगळा इतिहास ठाऊकही नव्हता. तो मला फार पुढे कळला आणि मी पुन्हा हसलो.

त्यात एक खोच होती. ज्यानं दार उघडलं त्याच्याच हातून गायींचा राजा मेला, तर त्याला काठिण्याच्या त्या पातळीवर दार पुन्हा उघडता येत नसे. म्हणून जगभर एक शिष्टाचार तयार झाला. कुरणात शिरताना पहिली सूचना : राजाला मारू नका. शेकडो गायी कापून काढायच्या, फक्त राजाभोवती वळसा घालायचा. एखादा नवखा जादूगार जोशात विजा फेकत सुटायचा आणि सगळे ओरडायचे.

आता एका अंगठीकडे येतो. इथे प्रकरण जरा गंभीर होतं, कारण पैसा आला.

डायब्लो दोनमध्ये सोनं ढीगभर मिळतं आणि त्याला काडीचं मोल नाही. जवळ किती बाळगायचं याला मर्यादा, मेलात की त्यातला वाटा गेला, आणि दुकानात घेण्यासारखं फारसं काही नाही. मग इंटरनेटवर खेळणाऱ्या लोकांनी आपसात देवाणघेवाण कशात करायची? कुणी ठराव केला नाही, कंपनीनं सुचवलं नाही, पण एक वस्तू आपोआप नाणं झाली : स्टोन ऑफ जॉर्डन नावाची अंगठी. का? ती पेटाऱ्यातलं एकच घर अडवते. कुठल्याही पात्राला उपयोगी पडते, सगळ्या विद्या एकेक पायरीनं वाढवते. दुर्मीळ आहे, पण कधीच दिसत नाही इतकी नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात चांगल्या चलनाची जी लक्षणं देतात ती सगळी त्या अंगठीत. हे चिलखत किती अंगठ्यांना, हा परशू किती अंगठ्यांना, असे भाव चालायचे.

आणि नाणं आलं की खोटं नाणं आलंच. सर्व्हरच्या त्रुटी शोधून लोक एका अंगठीच्या दोन, दोनाच्या चार करू लागले. ड्युप म्हणायचे त्याला. बाजारात अंगठ्यांचा पूर आला.

२००३च्या ऑक्टोबरमध्ये मोठा पॅच आला, म्हणजे खेळातली दुरुस्ती, क्रमांक १.१०. त्यातली युक्ती मला अजूनही थोर वाटते. तुम्ही अंगठी गावातल्या दुकानदाराला विकायची, म्हणजे ती कायमची गेली. विकली की त्या सर्व्हरवर सगळ्यांना पडद्यावर आकडा दिसतो, आतापर्यंत इतक्या अंगठ्या विकल्या गेल्या. पुरेशा झाल्या की पडदा थरथरतो आणि ओळ येते : डायब्लो पृथ्वीवर अवतरला आहे. मग काठिण्याच्या सगळ्यात वरच्या, नरक नावाच्या पातळीवर एक महाभयंकर डायब्लो समोर उभा राहतो, आणि त्याला मारलं तर अशी एक चीज मिळते जी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. खोट्या नोटा जप्त करायला धाडी घालायच्या, तर यांनी जत्रा भरवली आणि लोकांनी आपल्या हातांनी नोटा होळीत टाकल्या. खोट्या सगळ्या संपल्या असं नाही. पुढे लोकांनी चलन बदललं, अंगठीऐवजी रून नावाचे दगड चालू लागले. पण त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले लोक आजही त्या रात्रींबद्दल बोलतात.

म्हणजे बघा, दोन्ही वेळा खेळाडू काहीतरी वेडपट वागले आणि दोन्ही वेळा कंपनीनं त्या वेडाला खेळातूनच उत्तर दिलं.

तिसऱ्या वेळी मात्र गणित चुकलं.

डायब्लो तीनचं पहिलं दर्शन २००८च्या जूनमध्ये पॅरिसला झालं. लोक भडकले. कशावर? रंगांवर. इतकं हिरवं, इतकं निळं, हा काय नरक आहे? हजारोंनी सह्यांचं निवेदन दिलं, कुणी चित्रं स्वतःच काळपट करून ‘असं हवं होतं’ म्हणून दाखवली, कुणी इंद्रधनुष्यं काढून खिल्ली उडवली. याला कंपनीनं जुन्या पद्धतीनंच उत्तर दिलं. तयार खेळात एक गुप्त जागा निघाली, जिथे गुलाबी फुलं आहेत, हसरे ढग आहेत आणि शिंगवाले घोडे आणि कापसाची अस्वलं तुम्हाला ठार मारतात. तिथे जायची काठी बनवायला जे साहित्य लागतं त्यात एक बाटली आहे, पातळ इंद्रधनुष्याची. इथवर झकास.

१५ मे २०१२ला खेळ आला. एकट्यानं खेळायचं तरी सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं, आणि पहिल्या दिवशी सर्व्हर बसले. लोकांना दिसला तो राक्षस नव्हे, त्रुटी क्रमांक ३७. सर्व्हर व्यस्त आहेत, नंतर प्रयत्न करा. शिव्या भरपूर बसल्या, पण ती तात्पुरती कटकट. खरं दुखणं होतं लिलावघर.

कंपनीचा विचार वरवर पाहता बिनतोड होता. लोक अंगठ्यांचा व्यापार करतात. बाहेरच्या संकेतस्थळांवर खऱ्या पैशांनी वस्तू विकतात, त्यात फसवले जातात. मग आपणच सुरक्षित बाजार मांडू, खोट्या सोन्याचाही आणि खऱ्या डॉलरांचाही. एका वस्तूला २५० डॉलरपर्यंत भाव लावता येई, कंपनी आपला वाटा घेई. खेळाडूंना हवं होतं तेच दिलं ना?

प्रत्यक्षात झालं असं, की लोक राक्षस सोडून बाजाराची खिडकी उघडून बसले. पाच तास मारामारी करून जे पडतं त्याहून चांगलं पाच मिनिटांत विकत मिळतं. एखादी वस्तू पडली की पूर्वी प्रश्न असायचा, ही मला चालेल का? आता प्रश्न, हिचे किती येतील? आणि उत्तर बहुधा, काहीच नाही. खेळाच्या माजी दिग्दर्शकानं, जे विल्सननं, २०१३मध्ये जाहीर कबुली दिली, की लिलावघरानं खेळाचं नुकसान केलं. १८ मार्च २०१४ला ते बंद झालं. वस्तू पडण्याची रीत सुधारली, त्याच महिन्यात नवा भाग आला आणि रुसलेले बरेच लोक परतले.

हे का झालं ते मला पुस्तकातून कळलं नसतं. ते मला हॉस्टेलमधल्या त्या नागपूरकरानं शिकवलं.

डायब्लो दोनमध्ये राक्षस मेला की जे पडतं ते सगळ्यांचं. ज्यानं आधी क्लिक केलं त्याचं झालं. आणि अंगठी पडताना एक आवाज येतो, बारीक, काचेवर नाणं पडल्यासारखा. टिंग. तलवार पडते ती खणखणते, चिलखत धपकन पडतं, पण टिंग झालं की चौघंही एका क्षणात ऑल्टचं बटण दाबतात, म्हणजे जमिनीवरच्या वस्तूंची नावं दिसतात. त्या रात्री नाव दिसलं ते सोनेरी अक्षरांत. सोनेरी म्हणजे एकमेव, खास. सोनेरी अंगठी म्हणजे स्टोन ऑफ जॉर्डन असू शकते! राक्षस मी मारला होता. क्लिक नागपूरकराचं आधी पडलं. मी हेडफोन काढून त्याच्या खोलीतल्या पलंगावर फेकला, तो उशीवरून उडून भिंतीवर आपटला. एक कान कायमचा गेला, हेडफोनचा.

पण अंगठीची ओळख पटवायची बाकी होती. गावात डेकार्ड केन नावाचे एक म्हातारबुवा असतात, ते ओळखून देतात. नागपूरकर गावी गेला. आम्ही तिघं त्याच्या खुर्चीमागे. केनबुवांनी अंगठी ओळखली : नागेलरिंग. सोनेरी अंगठ्यांमधली सगळ्यात सामान्य, कुत्रं विचारत नाही अशी. नागेलरिंगनं आम्हाला नागवलं, हा विनोद त्यानंतर चार वर्षं चालला. माझ्याशी तो तीन दिवस बोलला नाही, ते अंगठीमुळे नव्हे, हेडफोन त्याचा होता म्हणून.

आता सांगा, टिंग आणि केनबुवा यांच्यामधली ती दोन मिनिटं लिलावघर कुठून देणार? तिथे वस्तूचं नाव, गुण, भाव सगळं आधीच लिहिलेलं.

कंपन्यांना हे दर वेळी नव्यानं शिकावं लागतं. २०१८च्या ब्लिझर्डच्या मेळाव्यात नव्या संगणकी डायब्लोच्या आशेनं आलेल्या लोकांना मोबाइलवरचा डायब्लो दाखवला. एकानं ध्वनिक्षेपकावर विचारलं, हा अवेळी आलेला एप्रिल फूल आहे का? सभागृहात नाराजी उठली तेव्हा मंचावरचा माणूस म्हणाला, तुमच्याकडे फोन नाहीत का? फोन सगळ्यांकडे होते.

प्रश्नोत्तरांआधी शेवटचं. सप्टेंबर २०२१मध्ये डायब्लो दोन नव्या चित्रांसह पुन्हा निघाला. आत हाडं जुनीच, वरून नवी कातडी. त्यात एक गंमत ठेवलीय, कळफलकावरचं जी दाबलं की क्षणात जुनी चित्रं दिसतात, पुन्हा दाबलं की नवी. मी तो भाच्याला दाखवायला बसलो. नवी चित्रं पाहून म्हटलं, अगदी असाच होता बघ, काही बदललं नाही यांनी. मग जी दाबलं. बोटभर माणसं, चौकोन चौकोन दिसणारे चेहरे, चिखलासारखा अंधार. भाचा माझ्याकडे बघायला लागला. ‘मामा, तुम्ही हे खेळायचात?’ मी दोनदा तपासलं, दुसरंच काही उघडलं नाही ना.

तेवढ्यात कोपऱ्यात एक सांगाडा मेला आणि टिंग झालं. माऊस भाच्याच्या हातात होता. क्लिक मात्र माझं, त्याच्या बोटावरून.

निळी होती. साधी. तरी केनबुवांकडे नेली.