सोडलेला सरडा पुन्हा हाती आला पाहिजे

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी मघाशी माझी ओळख ‘घोरपडीचे डॉक्टर’ अशी करून दिली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. हसा, हरकत नाही. माझं पोट गाई-म्हशींवर चालतं. रात्री-अपरात्री फोन येतो तो अडलेल्या गाईसाठी. सरपटणाऱ्या जनावरासाठी मला कुणी झोपेतून उठवलं ते एकदाच. तीच गोष्ट आधी सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्या वेळी केलेल्या चुकीतून निघालेलं आहे.

बारा-तेरा वर्षं झाली. शिमगा नुकताच आटोपला होता. रात्री अकराला दोन पोरगे मोटरसायकलवरून गोणपाट घेऊन आले. आत घोरपड. सड्यावर, म्हणजे आपल्या कातळाच्या माळावर, कुणीतरी धरलेली, चारी पाय पाठीवर उलटे ओढून सुतळीने बांधलेले. आपल्याकडे गुडघ्याला घोरपडीचं तेल आणि कंबरेला तिचं मटण हे ‘औषध’ प्रत्येक वाडीत कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. तानाजीच्या यशवंतीची गोष्ट सांगताना ज्यांचा ऊर भरून येतो, तेच हे तेल मागायला येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याने गुडघ्यांना काही फरक पडत नाही.

वनखात्याला कळवलं आणि तिला गोठ्यामागच्या खोलीत ठेवलं. साडेपाच आठवडे. अंडी, कोंबडीचे तुकडे, कधी उंदीर. पायांच्या जखमा भरल्या. अंगावरच्या गोचिड्या मी चिमट्याने एकेक काढल्या, अगदी नाकपुडीतल्यासुद्धा, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. मग एका सकाळी सड्यावर नेऊन सोडली. फोटो निघाला, वर्तमानपत्रात छापून आला. त्यात तिचा आणि माझा, दोघांचेही चेहरे ओशाळलेले.

तीन आठवड्यांनी पलीकडच्या वाडीतले भाऊ बाजारात भेटले. म्हणाले, “डॉक्टर, तुमची घोरपड आमच्या परसात दगडी गडग्यावर येऊन बसते. सुस्त झालीय, हाकलली तरी हलत नाय.”

मी म्हटलं, “माझीच कशावरून?”

“मग कोणाची?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्यावर खूण केली नव्हती. सोडताना वजन घेतलं नव्हतं. मी जाऊन पाहीपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. आणि घरी परत येताना आठवलं की तिला ज्या लाकडी खोक्यात ठेवलं होतं, त्यात महिनाभर आधी जप्तीतली दोन स्टार कासवं होती, कुठल्या कुठल्या बाजारांतून फिरून आलेली. खोकं मी फिनेलने पुसलं होतं. पुसलं होतं म्हणजे फडकं फिरवलं होतं. त्या कासवांच्या अंगात काय होतं आणि ते घोरपडीबरोबर सड्यावर गेलं का, हे कळायचा रस्ता मीच बंद केला होता.

तेव्हापासून मी वाचायला लागलो. जगात जिथे जिथे पिंजऱ्यात वाढवलेले सरडे रानात सोडले गेले, तिथे पुढे काय झालं? वाचता वाचता गंमत अशी झाली, की दूरदूरच्या बेटांवरच्या गोष्टींत आपल्या परसातलीच मंडळी भेटत गेली.

पहिलं मुंगूस. आपण ते आडवं गेलं तरी शुभ मानतो. जमैकात उसाच्या मळ्यांत उंदीर माजले, म्हणून १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगसं बोटीने तिकडे नेली. नऊच. त्यांनी उंदीर खाल्ले आणि मग जमिनीवर जे जे हललं ते खाल्लं. तिथला मोठा इग्वाना, आपल्या घोरपडीच्या अंगापिंडाचा सरडा, १९४०च्या दशकानंतर संपला असंच सगळे धरून चालले होते. १९९० साली हेलशायर टेकड्यांत डुकरांच्या शिकारीला गेलेल्या माणसाच्या कुत्र्याने एक जिवंत इग्वाना धरून आणला. शोध घेतल्यावर थोडे म्हातारे इग्वाना सापडले, पिल्लं जवळजवळ नाहीत. अंड्यातून निघालेलं पिल्लू मुंगसाच्या एका घासाचं. मग पिल्लं घरट्यावरूनच उचलायची, किंग्स्टनच्या होप प्राणिसंग्रहालयात काही वर्षं वाढवायची आणि मुंगसाला पेलणार नाही एवढी झाली की परत सोडायची, असं सुरू झालं. याला ‘हेडस्टार्ट’ म्हणतात. आपण म्हणू, पाय फुटेपर्यंत कडेवर.

तुम्ही म्हणाल, हे तर आपण वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांसाठी करतोच. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांचं काम उभं केलं, आणि ते किती मोठं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. पण फरक बघा. कासवाची अंडी जाळीच्या आत हलवली जातात, पिल्लू निघालं की टोपली उचलायची आणि पाणी. ते माणसाच्या हाताखाली असतं काही तास. इग्वानाचं पिल्लू असतं काही वर्षं. शेजारच्या पिंजऱ्यात कोण आहे, पाणी कुठलं, खाणं कोणी दिलं, त्याने आधी कशाला हात लावला होता, हे सगळं त्या वर्षांत पिल्लाच्या अंगात जमा होतं. माझं खोकं आठवा.

दुसरा, कवड्या. रात्री भिंतीवरून उतरणारा हा बिनविषारी साप, मण्यार समजून आपण मारतो तो. त्याचाच आग्नेय आशियातला भाऊबंद १९८०च्या दशकात ख्रिसमस बेटावर उतरला, बहुधा मालाच्या बोटीतून. जावाच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं हे छोटं बेट आहे. तिथे निळ्या शेपटीची एक सापसुरळी होती आणि लिस्टरची पाल होती, दोन्ही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. भराभर कमी होत गेल्या. २००९-१० मध्ये उरलेल्या मूठभर पकडून पिंजऱ्यात आणल्या आणि थोड्याच काळात बाहेर एकही उरली नाही. पिंजऱ्यात मात्र चांगल्या वाढल्या. तिथेच कुंपण घालून त्यात सापसुरळ्या सोडून पाहिल्या. साप बाहेर राहिला, पण आत मोठ्या घोणी होत्या. वीतभर घोण सापसुरळी सहज खाते. हे कुंपण घालताना सुचलं नाही म्हणून कुणाला हसू नका. आपण कोंबड्यांचं खुराडं बांधताना दरवर्षी हेच करतो.

आणि तिसरी पाल. साधी, घरातली, ट्यूबलाइटच्या मागे बसणारी. २०१४ मध्ये त्या पिंजऱ्यांमधल्या सरड्यांची तोंडं सुजायला लागली. नाकाजवळ, जबड्यावर जेलीसारख्या गाठी. तोंड मिटेना, खाणं सुटलं, मग तो जंतू आतल्या अवयवांत उतरला. लागण झालेले वाचत नव्हते. तोवर कुणी न पाहिलेला जंतू निघाला. त्याचं नावच आता एन्टरोकॉकस लॅसर्टिडिफॉर्मस, म्हणजे सरड्याला विद्रूप करणारा. मग बेटावरच्या रानात शोधलं तर तोच आजार बाहेरून आलेल्या आशियाई घरपालींत सापडला. जगातले शेवटचे सरडे ज्या पिंजऱ्यात जपले होते, त्याच्याच भिंतीवर बिऱ्हाड करून बसलेली पाल!

म्हणून २०१९ मध्ये ३०० निळ्या शेपट्या विमानाने कोकोस बेटांपैकी पुलू ब्लान नावाच्या एका टिकलीएवढ्या बेटावर नेऊन सोडल्या, असं वाचलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. जंतू बरोबर गेला असेल तर? पण त्यांनी नेण्याआधी तोच धसका घेऊन काम केलं होतं. निवडलेल्या सापसुरळ्या तपासून, वेगळ्या ठेवून नेल्या आणि नंतर माणसं पुन्हा पुन्हा तिथे जात राहिली. सापसुरळ्या वाढल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या बेटावरही सोडल्या.

कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावरच्या निळ्या इग्वानाची हकिगत मला सगळ्यांत शिकवून गेली. २००२ च्या मोजणीत रानात दहा ते पंचवीस उरले होते. वाढवून सोडले, सोडत राहिले, २०१२ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या, धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्यांचा धोका एका पायरीने खाली आला आणि २०१८ मध्ये हजारावा इग्वाना सोडला गेला. प्रत्येकाच्या मानेवरच्या तुऱ्यात रंगीत मणी ओवतात. लाल-पिवळा-निळा म्हणजे अमुक, निळा-निळा-पांढरा म्हणजे तमुक. दुर्बिणीतून ओळख पटते, पकडायला नको. आणि दरवर्षी पशुवैद्य येऊन रक्त घेतात, वजन घेतात, शेण बघतात. दरवर्षी, सगळं ठीक असतानाही. त्यामुळे २०१५ मध्ये एकदम काही इग्वाना मलूल होऊन मरायला लागले, तेव्हा तुलनेला निरोगी रक्त हातात होतं. आजाऱ्यांच्या रक्ताच्या काचपट्टीवर मळसूत्रासारखे जंतू दिसले. हेलिकोबॅक्टर, आपल्या पोटात अल्सर करतो त्याच्या गोतातला. बेटावर घुसलेल्या हिरव्या इग्वानांवर संशय आहे. ‘मलूल’ हे वाचलं आणि मला भाऊंचा ‘सुस्त’ हा शब्द आठवला.

आता तुम्ही विचाराल, सरडा आजारी आहे हे ओळखायचं कसं? गाय रवंथ थांबवते, कान पाडते. सरडा काही सांगत नाही. त्यात त्याचं रक्त उन्हावर तापतं, थंडीत पाहिला तर निरोगीही मेल्यासारखा. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वाळवंटी इग्वानांवर एक सुंदर प्रयोग झाला. जंतू टोचल्यावर ते आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसले. ताप आतून येत नाही म्हणून तो उन्हाकडून घेतला. आणि ज्यांना गरम ठेवलं ते जास्त जगले. म्हणजे गडग्यावर उन्हात हटून बसलेली ती घोरपड आळसावली होती की औषध घेत होती? मी वेळेवर पोचलो असतो आणि तोंडात, शेपटीच्या मुळाशी, डोळ्यांत पाहिलं असतं, तर कळलं असतं. शेपटीचं मूळ म्हणजे सरड्याचं कोठार. ते भरलेलं की सुकलेलं, हे बोटांनाच समजतं. डोळे खोल गेले असतील तर पाणी कमी. तोंडात पिवळा चिकटा असेल तर वाईट लक्षण. रक्त शेपटीखालच्या शिरेतून घ्यायचं आणि शंभर ग्रॅमच्या जनावराचं एक मिलिलिटरच्या वर घ्यायचं नाही.

एका मोजमापाने फसायला होतं, हे मात्र आपल्याच सह्याद्रीतलं उदाहरण दाखवतं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा उघडणारा सरडा आहे. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नावच २०१६ मध्ये ‘सरडा’ ठेवलं गेलं. लॅटिनच्या गर्दीत आपला मराठी सरडा! २०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही उतरलं. नुसती डोकी मोजली असती तर सगळं उत्तम. पण तेच सरडे अंगाने किरकोळ होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते.

ही आपल्या सड्यांवरची गोष्ट म्हणून ऐका. आंबोलीच्या नावाची एक चिमुकली दिनचर पाल २०१८ मध्ये जगाला कळली. अशा कित्येक पाली एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्या आहेत. उद्या कुणी हौसेने, चांगल्या मनाने, घरात वाढवलेली पाल तिथे नेऊन सोडेल.

माझ्या खिशात एक वस्तू आहे. पुढच्या मुलांनी बघावी, हातोहात मागे द्यावी, तोंडात घालू नये. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. ही चिप. सुईने कातडीखाली जाते. बऱ्याच जणांना वाटतं ही उपग्रहाला दिसते. तसं नाही. वेळासच्या ‘प्रथमा’ कासवाच्या पाठीवर २०२२ मध्ये बसवलेलं यंत्र वेगळं आणि महागडं. हिच्यात बॅटरीसुद्धा नाही. वाचायचं यंत्र अगदी जवळ नेलं तरच आकडा सांगते. म्हणजे जनावर पुन्हा हातात यायला हवं.

रीतसर परवानगी घेऊन तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या घोरपडींना ही बसवली. थोड्याच. खोकं प्रत्येकीला वेगळं, नंतर जाळायचं. वजन, लांबी, रक्ताची काचपट्टी. गेल्या एप्रिलमध्ये त्याच भाऊंच्या विहिरीत एक घोरपड पडली. त्यांनी बादली सोडून काढली आणि मला फोन केला, या वेळी दिवसाउजेडी. यंत्र खांद्याजवळ नेलं आणि ते वाजलं. दोन वर्षांपूर्वी सोडलेली मादी. तेव्हा एक किलो सहाशे, आता दोन किलो शंभर. शेपटीचं मूळ घट्ट. तोंड स्वच्छ. भाऊ म्हणाले, “ह्या गोचिड्या तेवढ्या काढून टाका, डॉक्टर.”

नाकपुडीत दोन, काखेत नऊ. सोडताना तिच्या अंगावर एकही नव्हती, मीच सगळ्या उपटल्या होत्या. त्याच सड्यावर न बांधलेल्या, न पाळलेल्या घोरपडी मी इतक्या वर्षांत पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर अशाच दहा-बारा असतात. वहीत अकरा लिहिलं आणि तिला गडग्यावर ठेवली.