एकच ग्रोमॅक्स, तीन मशिनं

[दृश्य: पाषाण रस्ता, सकाळची वर्दळ]

पुणे विद्यापीठाकडून पाषाणच्या दिशेनं निघालं की एनसीएल, आयसर, आयआयटीएम अशा संस्था लागत जातात. सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक याच शहरात घडवला आणि २०१९ पासून आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. गणनशक्ती हाताशी आहे. घोडं अडतं ते त्याआधी, सॉफ्टवेअर बसवताना. लॅपटॉपवर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांच्या समूहावर, सुरूच होत नाही.

उदाहरणाला ग्रोमॅक्स घेऊ. प्रथिनं, मेद, पाणी यांच्या रेणूंची हालचाल मोजणारं हे मुक्तस्रोत पॅकेज मूळचं नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातलं.

[दृश्य: विंडोज लॅपटॉप]

लॅपटॉपचं काम सोपं. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल डॅश-डॅश इन्स्टॉल' द्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची ही सोय), मशीन रीस्टार्ट करा आणि मग उबुंटूत 'सुडो एपीटी इन्स्टॉल ग्रोमॅक्स'. ही तयार आवृत्ती थोडी जुनी असते आणि कुठल्याही प्रोसेसरवर चालावी म्हणून जपून बांधलेली असते, त्यामुळे वेग बेताचाच. शिकायला आणि इनपुट फाइली तपासायला तेवढं पुरतं. फक्त फाइली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवा, नाहीतर वाचन-लेखन रखडतं.

[दृश्य: प्रयोगशाळेतलं जीपीयू वर्कस्टेशन]

इथे सोर्सपासून, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून, बांधायचं. पहिला घोळ कुडाचा, म्हणजे एनव्हीडियाच्या जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) गणित चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. 'एनव्हीडिया-एसएमआय'च्या वरच्या कोपऱ्यात कुडाचा जो आकडा दिसतो, तो ड्रायव्हर कुठवर साथ देईल एवढंच सांगतो. टूलकिट बसलंय की नाही ते 'एनव्हीसीसी डॅश-डॅश व्हर्जन' विचारल्यावर कळतं. दुसरा घोळ उलट्या बाजूचा: जीसीसी हा कंपायलर फारच नवा असला की कुडा 'अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन' म्हणून अडून बसतं. तेव्हा त्या कुडाला चालणारा जुना जीसीसी शेजारी बसवून सीमेकला, म्हणजे बांधणीची तयारी करणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याचा पत्ता द्यायचा.

वेगळा बिल्ड फोल्डर करा. सीमेकला जीएमएक्स_जीपीयू बरोबर कुडा आणि जीएमएक्स_बिल्ड_ओन_एफएफटीडब्ल्यू बरोबर ऑन द्या (एफएफटीडब्ल्यू ही फूरिए रूपांतराची लायब्ररी). मग मेक (बांधणी), मेक चेक (चाचण्या), मेक इन्स्टॉल. मेक चेक गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका, चुकीची उत्तरं देणारं बिल्ड तिथेच पकडलं जातं. आणि सुरुवात करण्याआधी कोंडा हा पॅकेज मॅनेजर डीअ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर सीमेक कोंडाच्या लायब्रऱ्या गुपचूप उचलतो. पर्याय बदलले तर बिल्ड फोल्डर पुसून नव्यानं करा, जुना कॅश मागच्या निवडी धरून ठेवतो.

[दृश्य: क्लस्टरचा लॉगिन नोड, काळा टर्मिनल]

खरी कसरत इथे. लॉगिन नोड म्हणजे क्लस्टरचं प्रवेशद्वार, खरं गणित कम्प्यूट नोडवर होतं. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, नाही, तेव्हा इन्स्टॉलचा पत्ता आपल्या होममध्ये द्यायचा. लॅपटॉपवरची बायनरी उचलून इथे टाकली तर बहुधा 'जीलिबसी नॉट फाउंड' येतं. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी. उबुंटू २२.०४ मध्ये ती २.३५ आहे, सेंटओएस ७ मध्ये २.१७. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही. शिवाय सेंटओएस ७ चा मूळचा जीसीसी ४.८.५, आजच्या ग्रोमॅक्सला तो कामाचा नाही. म्हणून आधी 'मॉड्यूल अव्हेल' देऊन क्लस्टरवरच्या तयार सॉफ्टवेअरची यादी पाहायची, त्यातून नवा जीसीसी, सीमेक आणि एमपीआय (अनेक प्रोसेसमधला संवाद सांभाळणारी लायब्ररी) लोड करायचे.

पुढची ठेच एफएफटीडब्ल्यूची. वर्कस्टेशनवर सीमेकनं ते नेटवरून आपसूक उतरवलं. क्लस्टरला बाहेरचं नेट नसलं की बिल्ड तिथेच थांबतं. मॉड्यूलमधली एफएफटीडब्ल्यू वापरता येते, पण ती सिंगल प्रिसिजनची हवी. लायब्ररीच्या नावात ३ नंतर एफ आहे का ते पाहा. नसेल तर सोर्स आणून 'एनेबल-फ्लोट' देऊन स्वतः बांधा.

[पडद्यावर: ग्रोमॅक्सच्या लॉगचा वरचा भाग]

आता या दोन ओळी बारकाईनं पाहा. नोडचा प्रोसेसर पेलतो ती सिमडी (एका सूचनेत अनेक आकडे हाताळण्याची) पातळी: एव्हीएक्स_५१२. बांधताना निवडलेली: एव्हीएक्स२_२५६. म्हणजे लॉगिन नोडचा प्रोसेसर जुना होता, सीमेकनं त्यालाच प्रमाण मानलं, आणि कम्प्यूट नोडची ताकद वापराविना राहिली. उलट झालं, म्हणजे नव्यावर बांधून जुन्यावर चालवलं, तर प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत कोसळतो. ते परवडलं, निदान चूक कळते तरी. जीएमएक्स_सिमडी हाताने द्या, किंवा बिल्डच कम्प्यूट नोडवर, जॉबची रांग सांभाळणाऱ्या स्लर्मचा जॉब म्हणून करा. लॉगिन नोडवर सगळे कोअर लावून मेक चालवणाऱ्याला अ‍ॅडमिनचा मेल येतोच, आणि तो रास्त असतो.

एकापेक्षा जास्त नोड हवे असतील तर जीएमएक्स_एमपीआय ऑन करून बांधायचं, प्रोग्रॅमचं नावही मग 'जीएमएक्स_एमपीआय' होतं. साधा 'जीएमएक्स' एमपीआयरनखाली चालवला तर ४८ प्रोसेस मिळून एक काम करत नाहीत, तेच काम ४८ वेळा सुरू होतं. ओळखायची खूण: फोल्डरमध्ये नावाच्या दोन्ही टोकांना हॅश असलेल्या बॅकअप फाइलींचा ढीग साचतो. एका एमपीआयनं बांधून दुसऱ्याच्या एमपीआयरननं चालवलं तरी हाच तमाशा होतो. म्हणून बांधताना लोड केलेले मॉड्यूल, त्याच आवृत्तीचे, जॉब स्क्रिप्टमध्ये शब्दशः लिहायचे. ४८ कोअरच्या नोडवर १२ रँक (एमपीआय प्रोसेस) आणि प्रत्येकी ४ थ्रेड देऊन सुरुवात करा आणि लॉगच्या शेवटी दिवसाला रेणूंच्या हालचालीचे किती नॅनोसेकंद पडले ते पाहून आकडे हलवा.