ओट्याखालचा कप

(माहीमचा किनारा, संध्याकाळ)

हे माहीम. मागे सी लिंक दिसतोय आणि इथेच बाजूला मिठी नदी समुद्राला मिळते, म्हणजे नदी आपली म्हणायची, वास आला की कळतंच.

१८ ऑगस्ट २००६ ला इथे उभं राहायला जागा नव्हती. समुद्राचं पाणी गोड झालंय असं कोणीतरी उठवलं आणि बघता बघता हजारो लोक आले, ओंजळीने प्यायले, बाटल्या भरून घरी पण नेल्या. कोणी म्हणालं इथल्या दर्ग्यातल्या मखदूम बाबांचा चमत्कार. पालिका सांगत होती पिऊ नका, पण ऐकतंय कोण. खरं तर ऑगस्ट महिना, धो धो पाऊस, मिठीतून एवढं गोडं पाणी खाडीत येतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वरवर राहतं, मग वरचं चाखलं तर खारट कमी लागणारच ना.

या किश्श्यावर मी कितीतरी वर्षं हसलेय. लोक डोकं म्हणून वापरत नाहीत वगैरे.

(आमचं किचन)

आता हे बघा. ओट्याखाली, भांड्यांच्या साबणाशेजारी, कडेचा टवका उडालेला हा कप. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. वर रॅकवर मगांची अख्खी रांग आहे, पण मावशींचा चहा यातच. मी आईला विचारलं, यांचा वेगळा का गं? तर म्हणाली, "अगं, तसंच असतं." मग जरा वेळाने, "हायजीन."

हायजीनचंच म्हणाल तर आमची कणीक मावशीच मळतात, पोळ्या त्याच लाटतात, आम्ही गरमगरम खातो आणि वरचे सगळे मग घासून लावतात त्या पण त्याच. म्हणजे त्यांचे हात चालतात, ओठ चालत नाहीत.

आणि पाण्यावरून आपल्याकडे केवढं रामायण झालंय! १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांनी ठराव आणला, सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करायच्या. पास झाला. महाडच्या नगरपालिकेने पण तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण सगळं कागदावर, पाण्याला हात लावायची सोय नाहीच. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. शाळेत हे मला तारखेसकट पाठ होतं, मार्कही पूर्ण. आईने तर तीस वर्षं इतिहासच शिकवलाय. तरी धड्यातलं तळं आणि ओट्याखालचा कप, दोघींच्याही डोक्यात हे कधी एकत्र आलं नाही.

माहीमला निदान सगळे एकाच पाण्यात ओंजळ घालत होते, म्हणा.

मी तो कप टाकून दिला आणि वरच्या रांगेतला निळा मग चहा ओतून मावशींपुढे ठेवला. आई काही बोलली नाही, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला. मावशींनी एकदा मगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, "कशाला ताई" म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच प्यायल्या. मग तो घासला, पुसला आणि वाकून ओट्याखाली साबणाशेजारी ठेवून दिला.

निळा मग आता तिथेच असतो.