पावसाची वाट वेगळी, सांडपाण्याची वेगळी

(छत्रपती संभाजीनगरातल्या एका वसाहतीत, पावसाळ्याच्या तोंडावर रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ताई-दादांनो, मृग आठ दिवसांवर आलाय. आत्ता येताना मी तुमच्या तिसऱ्या गल्लीतून चालत आलो. उजव्या हाताच्या नालीतून पाणी वाहत होतं, साबणाच्या फेसाचं. कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नाही, मग नालीत पाणी आलं कुठून? आज मला एवढ्याचबद्दल बोलायचंय.

तुमच्या गल्लीत पाण्याच्या दोन वाटा आहेत. रस्त्याखालून जाते ती ड्रेनेज लाईन, तिच्यावर चेंबर आहेत. संडास, न्हाणी, स्वयंपाकघर यांचं पाणी तिच्यात जायचं आणि तिथून शुद्धीकरण केंद्रात. कडेला आहे ती नाली. ती फक्त पावसाची. तिच्या शेवटी कसलंही केंद्र नाही. नाली नाल्याला मिळते, नाला खाम नदीला मिळतो आणि खाम पुढं नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात उतरते. आपल्या नळाला पाणी कुठून येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या लहानपणी गावाकडं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं होती. माळवदाला उतार द्यायचे आणि पाणी पन्हाळातून बाहेर पडायचं. मोरीचं पाणी मात्र परसात, केळीच्या नाहीतर अळूच्या बुडाशी. ही दोन पाणी एकत्र करायची नसतात, हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. स्लॅबची घरं आली, पीव्हीसीचे पाइप आले आणि जवळ जे सापडेल त्याला पाइप जोडायची सवय लागली.

त्यानं काय होतं, ते आकड्यांत बघा. एका एकरात तीस घरं, दीडशे माणसं धरा. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. त्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे दिवसभरात सोळा हजार लिटर. आता त्याच एकरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं दोन लाख लिटर. तेही एका तासात! ड्रेनेजचा पाइप त्या सोळा हजारांच्या हिशोबानं टाकलेला असतो. गच्चीचं पाणी त्याच्यात सोडलं की तो भरतो, उलटतो आणि सगळ्यात खालच्या घरात वर येतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. महापालिकेच्या नोकरीत असताना एकदा रात्री दोनला फोन आला. सखल भागातलं घर, दोन खोल्या, आजी एकट्याच राहायच्या. त्यांच्या न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी उसळत होतं. पिठाचा डबा, अंथरूण, देवाचा पाट, सगळं त्यात. आजी पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "साहेब, हे माझ्या घरचं नाही हो." खरंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरची गल्ली तपासली, तेव्हा अकरा घरांच्या गच्चीचे पाइप थेट चेंबरमध्ये सोडलेले निघाले. सगळी शिकलेली, सज्जन माणसं. पाणी आपल्या अंगणातून गेलं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. आणि त्या अकरा जोडण्या होत असताना आमच्या कार्यालयातल्या कुणी एकदाही जाऊन बघितलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

उलटी चूक तुमच्या नालीत दिसते. वॉशिंग मशीनचा पाइप खिडकीतून नालीत, भांड्यांची मोरी नालीत. पावसाळ्याआधीच नाली अर्धी भरलेली. पाऊस आला की तो रस्त्यावरच येणार.

कायदा याबाबतीत मोघम नाही. महापालिका अधिनियम १९४९ चा. परवानगीशिवाय कुणालाही आपली मोरी पालिकेच्या वाहिनीला जोडता येत नाही आणि वाहिनीवर बांधकामही करता येत नाही. नालीवर फरशी टाकून वट्टा केला, दुकानापुढं पायऱ्या काढल्या, की तिथून आत फावडं जात नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं चोविसावं कलम विषारी किंवा घाण करणारा पदार्थ ओढ्यात, विहिरीत, गटारात, अगदी जमिनीवरही जाणूनबुजून सोडायला मनाई करतं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा नालीत टाकण्यावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या बांधकाम राडारोड्याच्या नियमांनी सांगितलं, की तुमच्या वाळू-विटांनी नाली अडता कामा नये.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोरांना मी आवर्जून बोलावलंय, ते आलेत. बाळांनो, गाडीचं जळकं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे. ते नालीत ओतलं की पाण्यावर पसरतं, इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. त्या तवंगाखाली हवा जात नाही आणि पाण्यातला जीव गुदमरतो. डब्यात साठवा आणि परवानाधारक खरेदीदारालाच द्या. त्याचे पैसेही येतात. खानावळीच्या तेलाचं वेगळंच दुखणं आहे. गरम असताना ते पाण्यासारखं वाहतं, पुढं जाऊन थिजतं, त्याला केस, चिंध्या, चहापत्ती चिकटते आणि दगडासारखा गोळा होतो. सिमेंटची घमेली नालीत धुतली तर नालीतच कोबा तयार होतो. तो फोडायला छिन्नी लागते.

हा गोळा शेवटी काढतं कोण? २०१३ च्या कायद्यानं माणसाला संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात उतरवायला बंदी केली. तरी चेंबर तुंबलं की फोन करून लोक म्हणतात, "माणूस पाठवा." चेंबरमध्ये साचलेल्या वायूनं माणूस दोन श्वासांत कोसळतो. आपण ओतलेलं तेल काढायला कुणाचं तरी पोर त्यात उतरतं. या वाक्यापुढं मला काही बोलवत नाही.

एक तक्रार यंत्रणेबद्दल. मे महिन्यात नाली उपसतात, गाळ काठावरच ठेवतात, पहिल्या सरीला तो परत आत. उचलेपर्यंत पाठपुरावा करा, फोटो काढून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

कुणी म्हणेल, मराठवाड्यात पाऊस तो किती? वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. खरंय. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण आपला पाऊस मोजून मापून येत नाही. बीडची बिंदुसरा एरवी ओढ्याएवढी दिसते. जुलै १९८९ च्या पुरात तिनं माणसं नेली, घरं नेली. वरून आपली काळी माती. भिजली की फुगून बसते, मग पाणी आत घेत नाही. खाली बसाल्टचा कातळ. पाणी वरूनच धावणार, म्हणून त्याची वाट मोकळी लागते. आणि त्यातलं जेवढं मुरवता येईल तेवढं मुरवायचं. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय, सक्तीचं आहे. लहान प्लॉटवाल्यांना कुणी अडवलेलं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं तर घरोघरी सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे करून उघड्या नाल्यांची गरजच संपवली, डासही गेले.

आता तुमचा पाइप कुठं जातो, हे पुष्कळांना ठाऊकच नसणार, घर घेतलं तेव्हा तो होताच. उद्या सकाळी सातला मी तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी थांबतो. येताना बादलीभर पाण्यात दोन मुठी हळद कालवून आणा. एकानं ती गच्चीवरच्या पाइपात ओतायची. मी चेंबरचं झाकण उघडून उभा राहीन, तुम्ही नालीपाशी उभे राहा. पिवळं पाणी माझ्याकडं आलं, तर तो पाइप मृगाच्या आत बदलायचा. प्लंबरदादाला मी बोलून ठेवलंय.